नोंदींची फाइल करप्ट झाली आणि डिलीटही होईना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) संपला आणि जुने संगणक बदलण्याची लगबग घरोघरी सुरू झाली. फोटो, एक्सेलच्या फाइली, हिशेबाचा डेटा हे सगळं लोक आठवणीनं नव्या संगणकावर नेतात. मागे राहतात त्या नोंदी. स्टिकी नोट्सच्या पिवळ्या चिठ्ठ्या, जॉपलिन या नोंदींच्या ॲपमधली टिपणं, कुठल्या तरी ॲपमध्ये सात-आठ वर्षं साठत गेलेले फोन नंबर, औषधांची नावं, गाडीच्या विम्याच्या तारखा. या नोंदी 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये दिसत नाहीत, म्हणून त्या कुठे असतात याचा शोध घ्यावा लागतो. कुणीतरी फाइल शोधून देतं, ती पेनड्राइव्हवर घेतली जाते, नव्या संगणकावर टाकली जाते. मग ॲप उघडतच नाही, किंवा उघडून रिकामं बसतं, किंवा पडद्यावर 'डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड' असं काहीतरी लिहून येतं. वैतागून ती फाइल डिलीट करायला जावं तर विंडोज म्हणतं, ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, डिलीट करता येणार नाही.

लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात: फाइल इतकी बिघडली की डिलीटसुद्धा होत नाही. तसं नाही. बिघडणं वेगळं आणि डिलीट न होणं वेगळं. दुसऱ्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, आणि त्या अडवणुकीमुळेच पुष्कळदा नोंदी वाचतात. पण हे पटायला आधी ती फाइल असते कशी ते पाहायला हवं.

## एकच फाइल, आत शेकडो पानं

नोंदी ठेवणारी बरीच ॲप्स प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल करत नाहीत. सगळा मजकूर, तारखा, कोणती नोंद कोणत्या वहीतली, कोणती पूर्ण झाली, हे सगळं ती एकाच फाइलमध्ये रचून ठेवतात. अशा रचलेल्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. २०१६ पासून स्टिकी नोट्सची फाइल 'प्लम डॉट एसक्यूलाइट' या नावानं असते, जॉपलिनची 'डेटाबेस डॉट एसक्यूलाइट', आणि मॅकवरच्या ॲपल नोट्सची 'नोटस्टोअर डॉट एसक्यूलाइट'. कंपन्या वेगळ्या, ॲप्स वेगळी, पण शेवटचा शब्द तोच. कारण हे सगळे एकाच यंत्रणेवर चालतात, तिचं नाव एसक्यूलाइट. तुमच्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये, टीव्हीमध्येही ती असते.

ती लिहिली रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरनं, २००० साली. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली तर काय करायचं ते सांगणारं हे सॉफ्टवेअर, आणि त्याचा डेटाबेस सर्व्हर मधूनच बंद पडायचा. मग प्रोग्राम 'सर्व्हरशी जोडणी होत नाही' एवढंच म्हणत बसायचा. हिप यांच्या मनात आलं की मधला सर्व्हर हवाच कशाला, प्रोग्रामनं थेट फाइलच वाचावी. त्यातून जे उभं राहिलं ते त्यांनी कुठलाही हक्क न ठेवता सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. हे सांगायचं कारण असं की ही कच्ची, घाईत केलेली गोष्ट नाही. वीज जाणं, प्रोग्राम मधेच कोसळणं हे गृहीत धरूनच ती बांधलेली आहे. म्हणून ती फाइल बिघडली असेल तर बाहेरून काहीतरी घडलेलं असण्याची शक्यता जास्त.

ही फाइल सारख्या आकाराच्या पानांची असते. नव्या फाइलींत एक पान साधारण ४,०९६ बाइटांचं. पहिल्या पानाच्या सुरुवातीला १६ बाइटांची ओळख असते, की मी एसक्यूलाइटची फाइल आहे. त्याच पानावर पुढे आत कोणते तक्ते आहेत आणि ते कोणत्या पानापासून सुरू होतात हे लिहिलेलं असतं. बाकीची पानं एकमेकांकडे बोट दाखवतात: या नोंदीचा पुढचा भाग ११२ व्या पानावर, तिथून पुढे ३०७ व्या.

यावरून चूक दाखवणारे संदेशही उलगडतात. 'फाइल इज नॉट अ डेटाबेस' असं आलं तर बहुधा पहिल्याच पानाची ओळख पुसली गेली आहे, किंवा फाइल सांकेतिक कुलपात आहे, किंवा ती मुळात दुसरीच कुठली फाइल आहे. 'मॅलफॉर्म्ड' आलं तर ओळख पटली, पण आत कुठेतरी एखादं पान चुकीच्या जागी बोट दाखवतंय. 'डेटाबेस इज लॉक्ड' आलं तर बिघाड असेलच असं नाही. दुसरं कुणीतरी त्यात लिहितंय, एवढाच त्याचा अर्थ.

## शेजारच्या दोन फाइली उगाच आलेल्या नसतात

मुख्य फाइलच्या बाजूला कधीकधी त्याच नावाच्या आणखी दोन फाइली दिसतात. एकीच्या शेवटी 'वॉल', दुसरीच्या शेवटी 'एसएचएम'. नीटनेटकेपणाची आवड असलेली माणसं त्या कचरा समजून उडवतात. नोंदी हरवण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

जुन्या पेढीवर हिशेब कसा लिहीत ते आठवा. दिवसभरातले व्यवहार आधी रोजकीर्दीत चढत, घडले तसे, एकाखाली एक. खतावणीला, म्हणजे खात्यांच्या मुख्य वहीला, तेव्हा कुणी हात लावत नसे. मग सवडीनं मुनीम रोजकीर्द घेऊन बसे आणि एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवत असे. मधल्या काळात कुणाचं किती येणं हे विचारलं तर नुसती खतावणी उघडून चालत नसे. रोजकीर्दीतली न खतवलेली पानंही बघावी लागत.

मुख्य फाइल म्हणजे खतावणी आणि 'वॉल' म्हणजे रोजकीर्द. तुम्ही नोंद लिहिता तेव्हा बदललेली पानं आधी 'वॉल'मध्ये जातात. तिथे साधारण हजार पानं साठली की, किंवा ॲप नीट बंद झालं की, ती मुख्य फाइलमध्ये खतवली जातात. 'एसएचएम' ही रोजकीर्दीची चालू अनुक्रमणिका. तीत स्वतःचा मजकूर नसतो, ती पुन्हा तयार करता येते. सगळं व्यवस्थित बंद झालं तर या दोन्ही फाइली बहुतेक वेळा आपोआप नाहीशा होतात. ॲप बंद करूनही त्या तिथेच दिसत असतील तर बहुधा दोनपैकी एक: ॲप खरं बंद झालेलं नाही, किंवा मघाशी ते अर्धवट मेलं आणि खतवायचं राहून गेलं.

म्हणजे नुसती 'प्लम' फाइल उचलून नव्या संगणकावर नेली, तर खतावणी आली आणि रोजकीर्द जुन्या संगणकावरच राहिली. नशीब बरं असेल तर फक्त अलीकडच्या नोंदी दिसणार नाहीत.

काही ॲप्स ही पद्धत वापरत नाहीत. ती उलट करतात: पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल 'जर्नल' नावाच्या फाइलमध्ये ठेवतात, म्हणजे मधेच काही झालं तर मागे जाता येतं. तीही उडवायची नाही.

## मग बिघडते कशानं?

आपल्याकडे पहिला संशय विजेवर जातो. भारनियमनाच्या गावात डेस्कटॉप संगणक वापरणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण नुसती वीज गेल्यानं ही फाइल सहसा बिघडत नाही, कारण परत सुरू होताना 'वॉल' किंवा 'जर्नल' वाचून ती स्वतःला सावरते. अट एकच: 'लिहिलं' असं डिस्कनं सांगितलं म्हणजे तिनं ते खरोखर लिहिलेलं असायला हवं. स्वस्त पेनड्राइव्ह आणि काही डिस्क इथे खोटं बोलतात. मजकूर अजून वाटेत असतो आणि त्या 'झालं' म्हणून मोकळ्या होतात. नेमकी तेव्हाच वीज गेली तर घोळ होतो. पेनड्राइव्हवर नोंदींचं ॲप चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माझ्या मते खरा दोषी दुसराच आहे, आणि तो म्हणजे ॲप चालू असताना केलेली कॉपी. फाइलची पहिली पानं कॉपी होतात तेव्हा डेटाबेस एका अवस्थेत असतो, शेवटची होतात तोवर दुसऱ्या. पहिलं पान म्हणतं पुढचा भाग ३०७ व्या पानावर, आणि तोवर ३०७ व्या पानावर भलतंच काही लिहिलं गेलेलं असतं. मूळ फाइल ठणठणीत, नक्कल मात्र फाटकी.

वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या क्लाउड सेवेच्या फोल्डरमध्ये ॲपचा चालू डेटाबेस ठेवणं हे याचंच मोठं रूप. ती सेवा मागच्या मागे फाइल उचलत राहते, कधी मुख्य फाइल आधी जाते, कधी 'वॉल'. दुसऱ्या संगणकावर ॲप उघडलं की एका वेळची खतावणी आणि दुसऱ्या वेळची रोजकीर्द एकत्र येतात. तसंच ऑफिसमधल्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर एकच फाइल दोघांनी उघडली तर एका वेळी एकानंच लिहावं म्हणून असलेली कुलपं नीट काम करतीलच याची खात्री नसते. एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःच याबद्दल सावध करतात.

## डिलीट का होत नाही?

विंडोजवर एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा इतरांना काय करू द्यायचं हे तोच सांगतो: वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, डिलीट करू द्यायचं का. एसक्यूलाइट पहिल्या दोन गोष्टींना परवानगी देतं, तिसरीला देत नाही. म्हणजे ॲप चालू असताना फाइल डिलीट होत नाही, पण कॉपी बिनबोभाट होते. गंमत अशी की माणूस डिलीट न होण्यावर चिडतो आणि कॉपी झाली म्हणून खूश होतो. धोका मात्र कॉपीत असतो.

मॅक आणि लिनक्सवर डिलीट लगेच होते. पण तिथे जातं ते फक्त नाव. ॲपनं फाइल धरून ठेवलेली असते आणि त्या निनावी फाइलमध्ये ते लिहीतच राहतं. ॲप बंद केलं की तेवढं सगळं हवेत. विंडोजची आडमुठी अडवणूक इथे उपकारच म्हणायची.

आता फाइल धरून कोण बसलंय ते शोधायचं. पहिला संशय त्या ॲपवरच. खिडकीची फुली दाबली म्हणजे ॲप बंद झालं असं नसतं. जॉपलिनसारखी ॲप्स घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात लपून चालू राहू शकतात. तिथल्या चिन्हावर उजवी क्लिक करून बाहेर पडायचं, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्या नावाचं काही उरलंय का ते पाहायचं. तरी कुलूप असेल तर विंडोजचं 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, 'सीपीयू'च्या भागात 'असोसिएटेड हँडल्स' आहे तिथे फाइलचं नाव टाका. कोणत्या प्रोग्रामनं ती धरलीय ते नावासकट कळतं. मायक्रोसॉफ्टचं मोफत 'पॉवरटॉइज' असेल तर त्यातलं 'फाइल लॉकस्मिथ' फाइलवर उजवी क्लिक करून तेच सांगतं. बहुतेक वेळा ॲपच निघतं, नाहीतर अँटिव्हायरस, बॅकअपचा प्रोग्राम किंवा वनड्राइव्ह.

काहीच सापडलं नाही तर रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाउनमध्ये यंत्रणेचा गाभा जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

जुन्या संगणकाची डिस्क काढून नव्याला जोडली असेल तर प्रकार वेगळा. तिथे कुणीही फाइल धरलेली नसते, पण ती जुन्या खात्याच्या मालकीची असते, म्हणून 'ॲक्सेस डिनाइड' येतं. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये, 'सिक्युरिटी'खाली 'ॲडव्हान्स्ड'मध्ये मालक बदलता येतो.

कधी फाइल डिलीट होते आणि परत येते. तेव्हा ती क्लाउडवरून उतरते, किंवा ॲप उघडल्याबरोबर त्यानं नवी कोरी बनवलेली असते. आकार पाहा, अगदीच लहान असेल तर ती नवी आहे.

आणि एक कारण गंभीर आहे. विंडोज स्वतः म्हणालं की 'फाइल किंवा फोल्डर करप्ट आहे आणि वाचता येत नाही', तर दोष डेटाबेसचा नाही, डिस्कवरच्या फाइलव्यवस्थेचा आहे. असं आलं की लोक लगेच 'चेक डिस्क' चालवायला सांगतात. ते फाइलव्यवस्था सरळ करतं, तुमच्या नोंदी वाचवण्याची हमी देत नाही. सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकतं आणि मोकळं होतं. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा संगणक वारंवार अडकत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. तेही जमत नसेल तर संगणक बंद करून जाणकाराकडे न्या.

## उडवू नका, बाजूला ठेवा

फाइल मोकळी झाली की हात शिवशिवतात. थांबा. डिलीट करण्याऐवजी तिन्ही फाइली, म्हणजे मुख्य, 'वॉल' आणि 'एसएचएम', एकत्र 'कट' करून दुसऱ्या फोल्डरमध्ये न्या. त्या फोल्डरला तारखेचं नाव द्या. त्याची आणखी एक नक्कल करा आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करा. मूळ संचाला कुणी हात लावायचा नाही.

जुना संगणक अजून चालू स्थितीत असेल तर त्याच्याकडेच आधी जा. बिघडलेली बहुधा नवी नक्कल असते, मूळ नाही. तिथे ॲप उघडा, नोंदी दिसतायत का बघा, ॲप पूर्ण बंद करा, बाजूच्या दोन फाइली गेल्या की मग कॉपी करा. त्या गेल्या नाहीत तर तिन्ही एकदम न्या. जॉपलिनमध्ये तर फाइल हलवण्याची गरजच नाही, त्याच्या मेनूतून सगळ्या नोंदी एकत्र बाहेर काढता येतात आणि दुसरीकडे आत घेता येतात. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

## दुरुस्ती म्हणजे नक्की काय करतात?

मूळ संगणक विकला, डिस्क पुसली, हातात फक्त बिघडलेली फाइल आहे, असं असेल तर पुढे वाचा.

'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात नकलेची फाइल उघडा आणि 'टूल्स' मेनूतली 'इंटेग्रिटी चेक' चालवा. ही तपासणी काही बदलत नाही, पानं एकमेकांशी जुळतात का एवढंच बघते. उत्तर 'ओके' आलं तर डेटाबेस शाबूत आहे आणि दोष ॲपमध्ये शोधायला हवा.

उत्तरात 'अमुक ओळ इंडेक्समध्ये नाही' अशा तक्रारी असतील तर ती चांगली बातमी. इंडेक्स म्हणजे लवकर शोधता यावं म्हणून केलेली सूची. मूळ नोंदी वेगळ्या असतात. 'रीइंडेक्स' ही आज्ञा दिली की सूची नव्यानं बनते आणि एक अक्षरही जात नाही.

पानंच तुटली असतील तर खरी दुरुस्ती. फाइल जागच्या जागी सांधली जाते असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही. एसक्यूलाइटच्या अधिकृत संकेतस्थळावर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, चालणारं एक छोटं साधन मोफत मिळतं. त्यात २०१९ पासून 'रिकव्हर' ही आज्ञा आहे. ती पानांच्या तुटक्या बोटांवर विसंबत नाही. फाइलचं प्रत्येक पान उलटून जे वाचता येईल ते वाचते आणि नवा डेटाबेस उभा करायच्या आज्ञांच्या रूपात लिहून देते. त्या आज्ञा एका कोऱ्या फाइलमध्ये चालवल्या की नोंदी तिथे उतरतात. कोणत्या तक्त्यातल्या हेच कळत नाही अशा ओळी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या वेगळ्या तक्त्यात पडतात. तो तक्ता बघायला विसरू नका, कधीकधी नेमकी हवी ती नोंद तिथे बसलेली असते.

नव्या फाइलची पुन्हा तपासणी करा. 'ओके' आलं की तिला मूळ नाव देऊन ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिथे जुनी 'वॉल' किंवा 'एसएचएम' उरलेली नाही ना हे आधी पाहा. नव्या खतावणीवर जुनी रोजकीर्द खतवली गेली तर सगळी मेहनत वाया.

एवढं करूनही ॲप ती फाइल स्वीकारेल याची खात्री नसते. ॲपला जसा तक्ता हवा तसाच तो असायला लागतो. मजकूरच हवा असेल तर ॲपचा नाद सोडा, डीबी ब्राउझरमध्ये नोंदींचा तक्ता उघडा आणि तिथून कॉपी करून घ्या. स्टिकी नोट्समध्ये 'नोट' नावाच्या तक्त्यात 'टेक्स्ट' हा रकाना आहे. मजकुराच्या आधी सांकेतिक आकडे दिसतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. ॲपल नोट्समध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे नोंदीचा मजकूर दाबून, आवळून साठवलेला असतो आणि रकान्यात वाचण्याजोगं काही दिसत नाही.

## मराठी नोंदी गेल्या असं लगेच समजू नका

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून थोडा थांबतो. बिघडलेली फाइल नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडून बघायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात कचऱ्यासारख्या चिन्हांमधून इंग्रजी नोंदी वाचता येतात. मराठी नोंदींच्या जागी मात्र टोपी घातलेली रोमन अक्षरं आणि पैशांची चिन्हं यांची रांग दिसू शकते, आणि माणूस ठरवतो की मराठी सगळं गेलं.

प्रत्यक्षात ते तिथेच असतं. या फाइलींत मजकूर बहुधा 'यूटीएफ-८' या पद्धतीनं लिहिलेला असतो. त्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'क्षी' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. संपादकानं हे १२ बाइट सुटे सुटे वाचले की १२ भलतीच चिन्हं दिसतात. फाइल उघडताना 'यूटीएफ-८' निवडता येतं अशा संपादकात तीच रांग पुन्हा मराठी होते. नेमकं पान तिथेच तुटलं असेल तर एखादं अक्षर अर्धं राहून प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल, इतकंच. नोटपॅडमध्ये अशी फाइल उघडली तरी 'सेव्ह' कधीही करू नका. संपादक ती फाइल मजकुराची समजून लिहील आणि उरलंसुरलं संपेल.

## ॲप काढून पुन्हा टाकलं तर?

हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात बेभरवशाचा. जॉपलिन काढलं तरी नोंदींचं फोल्डर मागे राहतं. पुन्हा टाकलं की तीच बिघडलेली फाइल समोर. उलट स्टिकी नोट्ससारखं स्टोअरमधून आलेलं ॲप काढलं की त्याचं फोल्डर नोंदींसकट जातं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अशा ॲपसाठी 'रिपेअर' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं शेजारीशेजारी असतात. 'रिपेअर' डेटाला हात लावत नाही, 'रीसेट' सगळा डेटा पुसतं. इतकी वेगळी दोन कामं इतक्या जवळ का ठेवली असतील देव जाणे.

## पण माझं सगळं क्लाउडवर आहेच की

असेल तर उत्तमच, पण आधी दुसऱ्या यंत्रावरून किंवा ब्राउझरमधून बघून घ्या की नोंदी तिथे खरंच दिसतायत. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं करणं. इकडे उडालं की तिकडेही उडतं, तत्परतेनं. म्हणून बिघडलेल्या ॲपमधून एकेक नोंद डिलीट करून 'साफ' करायला जाऊ नका.

क्लाउडवर सगळं असल्याची खात्री पटली की मार्ग सोपा आहे. इंटरनेट बंद करा, ॲप बंद करा, स्थानिक फाइली बाजूला न्या, मग इंटरनेट सुरू करून ॲप उघडा आणि खालून वर नव्हे तर वरून खाली येऊ द्या. जॉपलिनमध्ये स्थानिक डेटा टाकून क्लाउडवरून पुन्हा उतरवून घेण्याची सोय सिंकच्या प्रगत पर्यायांत आहे. तिच्याच शेजारी उलटी सोयही आहे, इथला डेटा पुन्हा वर चढवायची. बटण दाबण्याआधी दोनदा वाचा. बिघाड होण्याआधी ज्या नोंदी वर गेल्याच नव्हत्या त्या अर्थातच उतरणार नाहीत. त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेला संच आहेच.

## पैसे देऊन मिळणारं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर?

काही चांगली असतात. बरीचशी आतून वर सांगितलेलंच काम करतात आणि निकाल दाखवून मग पैसे मागतात. आधी मोफत साधन वापरून पाहा. फाइल चढवा, आम्ही दुरुस्त करून देतो असं म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र नोंदींची फाइल चढवू नये. लोक नोंदींमध्ये बँकेचे पासवर्ड, आधार क्रमांक, एटीएमचे पिन लिहून ठेवतात. आता नाही लिहीत म्हणाल, पण पूर्वी लिहून पुसले असतील. एसक्यूलाइटमध्ये नोंद पुसली की तिची जागा, किंवा अख्खं पानच, फक्त 'रिकामं' म्हणून नोंदलं जातं. त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहू शकतो. 'रिकव्हर' आज्ञा अशी रिकामी पानंही चाळते, म्हणून तुम्हीच डिलीट केलेल्या जुन्या नोंदी दुरुस्तीनंतर अचानक वर येऊ शकतात. कुणाला त्याचा आनंद होतो, कुणाला नाही.

नोंदी परत मिळाल्या, ॲप नीट चालतंय, नव्या नोंदी टिकतायत हे दोन-तीन आठवडे पाहिल्यावर बाजूला ठेवलेला जुना संच डिलीट करायला हरकत नाही. त्याला आता कुणी धरलेलं नसल्यानं तो निमूट जाईल. पेनड्राइव्हवर राहिलेली नक्कल मात्र आठवणीनं काढा, विशेषतः तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेण्याआधी.